मादी कोण ठरवतं?

पावसाळ्यात आटगावच्या माळांवर, रस्त्याच्या कडेनं टाकळा माजतो. कोवळी पानं माणसं भाजीला खुडतात. उरलेल्यावर युरेमा या छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात. याच युरेमाच्या जपानी भाईबंदांनी लिंगाबद्दलची माझी समजूत मुळापासून हलवली.

फुलपाखरांत दोन झेड गुणसूत्रं म्हणजे नर, एक झेड आणि एक डब्ल्यू म्हणजे मादी. पण जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या काही माद्यांत डब्ल्यू नाहीच. त्यांना मादी करतो तो पेशींत राहणारा वोल्बाकिया हा जिवाणू. अळीला प्रतिजैविक खाऊ घातलं, तर कोषातून नर-मादी दोन्हींच्या खुणा असलेलं फुलपाखरू बाहेर येतं. म्हणजे मादीपण एकदाच ठरून मोकळं होत नाही. अळी वाढते तोवर जिवाणूला ते टिकवत राहावं लागतं.

त्यात त्याचा स्वार्थ आहे. अंड्यातून तो पुढच्या पिढीत जातो, शुक्रपेशीतून जात नाही. नराच्या शरीरात त्याचा वंश खुंटतो. म्हणून कुठे तो नराची मादी करतो, कुठे नरांना अंड्यातच मारतो. तरीही त्याला नुसता रोग म्हणणं मला पटत नाही. जो काढून घेतल्यावर मादी मादीच राहत नाही, तो तिच्या बाहेरचा कसा?

यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई मात्र नको. आपल्यात संप्रेरकं सगळ्या शरीराला आदेश देतात. कीटकांत बहुतेक पेशी आपलं लिंग आपणच ठरवतात.

ही गोष्ट जपानपुरती नाही. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या 56 जाती तपासल्या. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 29 जातींत वोल्बाकिया सापडला. त्यांतल्या प्रत्येकीत तो लिंगात ढवळाढवळ करतो, असं मुळीच नाही. पण नर-माद्या सारख्याच संख्येनं दिसतात म्हणून तो निरुपद्रवी, असंही म्हणता येत नाही. आपल्याकडेही दिसणाऱ्या मोठा चांदवा या फुलपाखराचे सामोआतल्या सवाई बेटावर 2001 मध्ये या जिवाणूमुळे जेमतेम एक टक्का नर उरले होते. 2006 पर्यंत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचले. जिवाणू गेला नव्हता, त्याला दाबणारं जनुक पसरलं होतं. फिलिपिन्समधल्या चांदव्यांत जिवाणू असूनही नर मुबलक होते. पॉलिनेशियातल्या चांदव्यांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून ते दाबणारं जनुक काढून टाकलं, तेव्हा नर पुन्हा अंड्यातच मरू लागले.