हल्ला थांबल्यानंतर

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी बदलापूरच्या शाळेतल्या बालिका-अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. लगेच मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. सरकारी कागद ज्याला बचाव म्हणत होता, त्यालाच रस्ता सूड म्हणून मिरवत होता, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही हे फार थोड्यांना खटकलं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांचा बळाचा वापर असमर्थनीय ठरवला.

अशा प्रत्येक वेळी प्रतापगडाचा दाखला येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की जो गड लागतो, त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीत काय घडलं ते मराठी माणसाला सांगायला नको. वाद होता तो पहिला वार कुणाचा, एवढाच. सभासदाच्या बखरीत तो खानाचा आहे. ग्रँट डफने १८२६ साली तो महाराजांच्या माथी मारला. पण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना नियम मान्य होता: आधी अंगावर कोण आलं, यावर सगळं ठरतं. मनुस्मृतीतला आततायीचा, म्हणजे मारायला अंगावर येणाऱ्याचा, श्लोक, १८६० ची दंडसंहिता आणि आजची न्याय संहिता यांचा गाभाही तोच. कायद्याने त्याला काटेकोर कुंपण घातलं. प्राण जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती हवी, पोलिसांकडे धावायला वेळ नसावा, गरजेपेक्षा जास्त इजा करू नये, आणि भीती संपली की हक्कही संपला.

हे कुंपण ओलांडलं टिळकांनी. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात ते म्हणाले की, पहिला वार कुणाचा हा शोधच बाजूला ठेवा. महाराजांनी आधीच बेत केला होता असं धरलं तरी त्यांना दोष लागत नाही, कारण हेतू स्वार्थाचा नव्हता. १५ जूनच्या ‘केसरी’त हे छापून आलं आणि पुढे राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. गुलाम देशात हे बोलायला छाती लागत होती. पण महाराजांना या सवलतीची गरज नव्हती. फौज घेऊन चालून आलेला, शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला भेटीत मारल्याची ख्याती असलेला माणूस समोर होता. वाजवी भीतीला आणखी काय लागतं? टिळकांच्या युक्तिवादाने मात्र प्रश्न वारावरून हेतूवर नेला, आणि आपला हेतू उदात्त नाही असं म्हणणारा मारेकरी अजून जन्मायचा आहे.

तो युक्तिवाद कुठे पोचतो, ते घाटाच्या खाली महाडला दिसलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे लोक चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतले. ते आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठली आणि जमाव मंडपावर तुटून पडला. जेवायला बसलेल्यांना, गावी निघालेल्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेलं. हल्लेखोर स्वतःला धर्माचे रक्षक समजत होते. त्यांच्या लेखी ओंजळभर पाणी पिणारा माणूसच आततायी होता. नंतर त्यांनी १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. जखम आपल्यालाच झाली, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

डाक बंगल्यावर डॉ. आंबेडकरांभोवती शेकडो संतापलेली माणसं जमली होती. पहिल्या महायुद्धात लढून आलेले गडी होते त्यांच्यात. एका इशाऱ्याची वाट होती. बाबासाहेबांनी तो दिला नाही. या प्रसंगाला कुणी अहिंसा म्हणतात, कुणी सहनशीलता, कुणी दबक्या आवाजात दुबळेपणा. तिन्ही वाचनं मला चुकीची वाटतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच माणसाने मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला. गरज त्यांनी नाकारली नाही. मंडपात डोक्यावर लाठी पडत असताना ज्याने ती हिसकावून उलट मारली असती, त्याच्या बाजूने दंडसंहितेचं कलम १०० उभं राहू शकलं असतं. बंगल्यापर्यंत पोचलेल्या माणसाचं तसं नव्हतं. तिथे हल्ला थांबला होता, पोलीस गाठता येत होते, आणि गावावर चालून गेलं तर ज्यांनी हात उगारला नाही त्यांचीही दारं फुटणार होती. गरज मंडपातच संपली होती, उरली होती ती इच्छा. ती अगदी रास्त होती, म्हणूनच आवरायला इतकी कठीण.

माझ्या मते हा बचावाच्या हक्काचा त्याग नव्हता, त्या हक्काचं सर्वांत नेमकं आकलन होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि ६ जून १९२७ ला पाच हल्लेखोरांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. बंगल्यावरून तो इशारा गेला असता, तर आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरीच माणसं दिसली असती, आणि ‘आम्ही आमचं देऊळ वाचवत होतो’ असं शपथेवर सांगणाऱ्या साक्षीदारांची गावात मुळीच टंचाई पडली नसती.