मधलं तेवढं दिसतं

शिरूर तालुक्यात उसाला पाणी द्यायचं तर बऱ्याचदा रात्रीच्या लाईटवर. शिक्रापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर मोटार सुरू झाली की दारं धरायला कुणाला तरी उठावंच लागतं, आणि हल्ली उसात बिबट्या असतो. अशा वेळी घरातला तरणाताठा पोरगा ‘मी नाही जात’ म्हणाला, की भावकीत त्याचा एकच अर्थ निघतो. घाबरला! टॉर्चच्या झोताबाहेर आपल्याला बांधही दिसत नाही, हे तो बोलत नाही. बोलणार तरी कसं? रात्री सगळ्यांनाच इतपत दिसत असणार, अशी त्याची समजूत. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून कुणी आलेलं नसतं.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा विकार बहुतेकदा असा रात्रीपासून सुरू होतो. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी असतात, त्या आधी मरू लागतात. मग नजरेच्या कडेचे तुकडे गळतात, घेर आवळत जातो, आणि मधला भाग मात्र पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीपर्यंत शाबूत राहतो. हे इतकं सावकाश घडतं की माणूस नकळत मान जास्त फिरवायला शिकतो आणि आपलं काही कमी झालंय हे त्यालाच कळत नाही. डच डॉक्टर डॉन्डर्स यांनी १८५७ च्या सुमारास या विकाराला नाव दिलं ते पडद्यावर दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांवरून. खरं तर ते ठिपके म्हणजे पेशी मेल्यानंतर तिथे सरकलेलं रंगद्रव्य. जळून गेलेल्या घराची काजळी पाहून आगीला नाव द्यावं, तसं झालं हे.

अंधारापेक्षा या माणसांना जास्त छळतो तो अविश्वास. लग्नपत्रिकेतली बारीक नावं जो घडाघडा वाचतो, तोच मांडवात खुर्चीला अडखळतो. समोर कमरेच्या उंचीवर धरलेला चहाचा ट्रे त्याला दिसत नाही, पुढे केलेला हात दिसत नाही. मग तो धांदरट ठरतो, शिष्ट ठरतो, संध्याकाळची वेळ असेल तर ‘घेऊन आलाय’ असंही कुजबुजलं जातं. पांढरी काठी हातात घ्यावी, तर बसमध्ये मोबाइल वाचताना पाहून लोक ढोंगी म्हणतील, ही धास्ती वेगळीच.

घरातले उपाय गाजर आणि शेवग्याच्या पाल्यापासून सुरू होतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्याने सुधारू शकतो, हा नाही. याचं मूळ जनुकांत, आणि कारणीभूत जनुकं ८० हून अधिक. आपल्याकडे आतेभाऊ-मामेबहिणीची लग्नं अजून होतात, तिथे हा धोका वाढतो. आईबाप दोघेही एकाच सुप्त दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला विकार होण्याची शक्यता चारात एक. जगात साधारण चार हजारांत एकाला तो असतो असं धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या सुमारे ४,७०० लोकांच्या पाहणीत मात्र ७५० मागे एक असं प्रमाण निघालं. ‘दुर्मीळ’ हा शब्द त्यानंतर जरा जपूनच वापरावा. अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, तीही एकाच जनुकातल्या दोषासाठी. त्यामुळे हमखास गुण येतो म्हणून जडीबुटी विकणाऱ्याला शेतातलं कांद्याचं पीक विकून पैसे देऊ नयेत. मोतीबिंदू मात्र या रुग्णांना लवकर होतो, आणि तो काढल्यावर काहींना बरंच बरं दिसतं. तेवढं जरूर करावं.

शिबिरात सहा मीटरवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला की ‘नजर चांगली आहे’ म्हणून माणूस घरी पाठवला जातो. दिव्यांगांसाठीचा २०१६ चा कायदा तेवढ्यावर थांबत नाही. नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तो अल्पदृष्टी मानतो, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, मग तक्ता कितीही वाचता येवो. म्हणून तपासायला जाल तेव्हा घेर मोजायला सांगा, बाहुली मोठी करून पडदा पाहायला सांगा. आणि पाठच्या भावंडांनाही सोबत न्या, विशेषतः जो रात्री परसाकडे जायला कुणाला तरी बरोबर घेतो त्याला.