पिशवीची झडती
(मननासाठी : लूक २२:३५, ३६, योहान १२:६)



प्रभूने आपल्या शिष्यांस गावोगाव पाठविले, तेव्हा थैली व झोळी बरोबर घेण्यास त्याने मनाई केली. पुढे ज्या रात्री त्यास धरून देण्यात आले, त्या रात्री मात्र ज्यांच्याजवळ ती असतील त्यांनी ती घ्यावी, असे त्याने सांगितले. ह्यावरून आम्हांस दिसते की, पिशवी बाळगणे हे पाप नव्हे आणि न बाळगणे हे पुण्यही नव्हे. पिशवीत काय आहे व ते कोणाचे आहे, हाच खरा प्रश्न होय.

आपण रोज खांद्यास अडकवितो ती पिशवी एकदा सतरंजीवर उपडी करून पाहू या. मागील पावसाळ्यातील एस.टी.ची तिकिटे, आटोपलेल्या लग्नांच्या पत्रिका, यंत्रातून निघालेल्या व उष्णतेने अक्षरे उडालेल्या पावत्या, असे किती तरी त्यातून निघेल. कोणाच्या पाकिटात चार आण्याचे नाणेही सापडेल. ते तर ३० जून २०११ पासून चालत नाही. दाविदाने शौलाची जड शस्त्रसामग्री अंगावरून उतरविली आणि मेंढपाळाच्या बटव्यात पाच गोटे घेतले. कामास लागेल तेवढेच घेणारा मनुष्य वेळेवर हात घालतो, व हवे ते त्याच्या हातास लागते.

परंतु केवळ ओझे हलके व्हावे, एवढ्याचकरिता आम्ही हे लिहीत नाही. खेड्यातील उपदेशकाची पिशवी ही त्याच्या एकट्याची नसते. तालुक्यास निघाला की कोणी विधवा आपला अर्ज त्याच्या हाती देते, कोणी वृद्ध पासबुक देतो, कोणी धनादेश बँकेत भरावयास सांगतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पुष्कळांस तो नोव्हेंबरात द्यावयाचा असतो. तो कागद लग्नपत्रिकेच्या घडीत अडकून राहिला, तर म्हातारा जिवंत असूनही त्याचे वेतन थांबते. धनादेशाची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिन्यांची आहे. ती पिशवीतच सरली, तर ज्याचा पैसा त्यास तो पुन्हा मागत फिरावे लागते. आपल्याकडून चोरी झाली नाही हे खरे. पण गरिबाच्या घरी चूल पेटली नाही, हेही तितकेच खरे.

अर्पणाच्या पैशाविषयी तर अधिकच जपावे. यहूदा इस्कर्योताजवळ सर्वांची डबी होती आणि तिच्यातील तो काढून घेत असे, हे आपणांस ठाऊक आहे. उलटपक्षी, यरुशलेमेतील गरजवंतांकरिता वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला. कोणास दोष लावण्यास जागाच राहू नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणून मंडळीचा पैसा दोघांनी मोजावा, रक्कम चिठ्ठीवर लिहावी, आणि तो आपल्या पैशात कधीही न मिसळता निराळ्या थैलीत ठेवावा. तसेच बँकेचे कार्ड व त्याचा गुप्त अंक एका पाकिटात ठेवू नये. बाजाराच्या गर्दीत पाकीट गेले, तर चोरास कुलूप व किल्ली दोन्ही एकदम मिळतात.

ह्याकरिता दर शनिवारी सायंकाळी दिवा लावल्यावर पिशवी रिकामी करावी व तीन वाटे करावे : जे आपले असून लागते ते, जे आपले असून लागत नाही ते, आणि जे दुसऱ्याचे आहे ते. पहिले परत भरावे, दुसरे काढून टाकावे. तिसरे मात्र पिशवीच्या अगदी वर ठेवावे, आणि तालुक्याच्या गावी पोहोचताच आपल्या कामाआधी ते पोहोचते करावे.

रविवारी उपदेशक प्रीतीविषयी काय बोलला, हे मंडळी कदाचित विसरेल. आपला कागद वेळेवर पोहोचला, हे ती विधवा विसरणार नाही.