गहू सोडलात, पण सांगितलं कोणी?




हल्ली महाप्रसादाच्या पंगतीत आम्ही वाढायला निघालो की पानावर हात आडवा येतो. "ताई, पुरी नको, मला ग्लूटेन चालत नाही." पुढच्या पानावर दूध बंद, त्यापुढे भात बंद. कोणी सांगितलं विचारलं तर उत्तर एकच, मोबाईलवर आलं होतं.

आपलं बेल्लमपल्ली पडलं दोन भाषांच्या मधोमध, म्हणून दोन्हीकडची डाएट इथे उतरतात. बल्लारशाकडच्या नातेवाइकांकडून डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसात दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवण येतं. शेजारच्या तेलुगू घरातून वीरमाचनेनी रामकृष्ण यांचं येतं, त्यात धान्य बंद, खोबरेल तेल आणि लिंबू भरपूर. दीक्षित सर तर सुरू करण्याआधी रक्त तपासायला सांगतात, उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची साखर. फॉरवर्ड होताना नेमकं तेवढंच गळतं.

आपल्यातल्या एका दादांनी साखरेची गोळी चालू ठेवली आणि सकाळचं जेवण सोडलं. खाणीत पाळीवर असताना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत्यांनी गूळ खायला घातला म्हणून निभावलं. एका घरात नऊ वर्षांच्या मुलीचं पोट दुखतं म्हणून गहू, दूध, शेंगदाणे सगळं बंद केलं. डब्यात उरले मुरमुरे. वाढत्या पोरीचं हे काय जेवण झालं?

गहू न सोसणं हे सोंग असतं असं मात्र कोणी म्हणू नये. सीलिअ‍ॅक नावाचा आजार खरा आहे. त्यात गव्हाने आतड्याला इजा होते, आणि तो असेल तर गहू जन्मभर वर्ज्य. पण त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडून बसलात तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. दुधाचंही तसंच. मोठेपणी दुधातली साखर पुष्कळांना पचत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांना दही-ताक चालतं. आणि रात्री अकराला तीन वाढपात पुऱ्या खाऊन पोट फुगलं, तर त्यात बिचाऱ्या गव्हाचा काय दोष हो!

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अती खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आपली एकादशी द्वादशीला सुटते. ही मोबाईलवरची व्रतं सुटतच नाहीत. उपासात मन देवापाशी जावं, इथे नामाला बसलं तरी मन ताटातच. काय खाल्लं, काय टाळलं, किती किलो उतरलं. गुरुमाऊली ज्याला आसक्ती म्हणतात ती फक्त जिलबीचीच असते असं थोडंच आहे?

पोट दुखत असेल तर आठ दिवस काय खाल्लं, कधी दुखलं ते वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या आणि लेकरांचं जेवण यांत आपल्या मनाने काही करू नका.

येत्या गुरुवारी महाप्रसादाला पुरीबरोबर ज्वारीची भाकरी असेल. ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय त्यांनी बुधवार संध्याकाळपर्यंत गटात कळवावं. त्यांच्यासाठी तवा, परात आणि वाढायचा चमचासुद्धा वेगळा ठेवू, पीठ आम्ही घरूनच दळून आणतो.