वाचवायचं कुणाला?

स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर १९९९ साली मधमाश्यांच्या १५० वसाहती ठेवल्या गेल्या. त्यांत व्हरोआ हा परजीवी कोळी मुद्दाम सोडला, आणि औषध द्यायचं नाही असं ठरलं. पुढच्या काही हिवाळ्यांत बहुतेक वसाहती मेल्या. ज्या तगल्या, त्यांच्यात कोळ्याची वाढ कमी होते असं पुढे दिसलं.

मग औषध देणारा मधपाळ चुकतो का? ऐन थंडीत राणी अंडी घालणं थांबवते. बंद घरांत पिल्लं नसतात, म्हणून कोळ्याला लपायला जागा उरत नाही. तेव्हा दिलेलं ऑक्झॅलिक आम्ल त्याला मारतं. पण वसाहतीबरोबर तिचा दुबळेपणाही वाचतो.

तरीही 'निसर्गाला निवड करू द्या' म्हणताना मी अडखळतो. हा कोळी मूळचा आशियाई माशीवरचा, जिला आपण सातेरी म्हणतो. तिने त्याच्याशी जमवून घेतलं होतं. युरोपीय माशी माणसाने आशियात नेली, तेव्हा तो तिच्यावर चढला. पेच आपण घातला. त्यातून होणाऱ्या मरणाला निसर्ग म्हणून मोकळं कसं व्हायचं?

मला वाटतं, आहे तिला जगवणं आणि पुढचा वंश निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. सुमारे ३०० माश्या स्पिरिटमध्ये बुडवून कोळी मोजतात. त्या माश्या मरतात, म्हणून त्या मोजणीचा उपयोग व्हायलाच हवा. कोळी जास्त असतील तिथे औषध द्यावं, आणि उन्हाळ्यात त्या वसाहतीची राणी बदलावी. नवी राणी कोळी कमी असलेल्या वसाहतीतली असावी. यात कष्ट आहेत. पण ही दोन्ही कामं मरणावर सोपवण्यापेक्षा ते बरे.