मिरचीच्या मुळांचं आवतण

कारंजा लाडच्या काळ्या वावरात स्फुरद नाही, हे अर्धंच खरं. सोयाबीन, तूर, कपाशीला वर्षानुवर्षं दिलेल्या डीएपीतलं बरंचसं तिथंच आहे. चुन्याशी गाठ पडून अडकलेलं. त्यात स्फुरद नत्रासारखं पाण्याबरोबर वाहत येत नाही. मिरचीचं मूळ स्वतःभोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरातलं संपवतं आणि मग उपाशीच राहतं.

हे अंतर मायकोरायझा बुरशी तोडते. केसाहून बारीक असा तिचा तंतू मुळाच्या पेशीत शिरून झाडासारख्या फांद्या फोडतो आणि बाहेर मातीत काही सेंटिमीटर पसरतो. मूळ जिथं घुसू शकत नाही, त्या फटीतलं स्फुरद तो आणून देतो. बदल्यात पानांनी केलेली साखर घेतो. हा व्यवहार निदान ४० कोटी वर्षांचा आहे. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या जीवाश्मांत तो दिसतो.

पण मिरची ही साखर उगाच देत नाही. स्फुरदाची भूक लागली की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत सोडतं आणि ते मिळताच बुरशी फांद्या फोडत मुळाकडे येते. या द्रव्यानं बुरशी फांद्या फोडते, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. हे द्रव्य म्हणजे मुळाचं आवतणच. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतं. लागवडीलाच त्याचा भरपूर बेसल डोस पडला, की भूक सरते आणि आवतणही थांबतं. बुरशीही द्यायची आणि भीतीपोटी डीएपीही पूर्ण टाकायचं, असं केलं की बुरशीची पावडर वाया जाते आणि दोष बुरशीला लागतो. म्हणून स्फुरदाची कपात हे नुसतं बुरशीचं फळ नाही, ती बुरशी रुजण्याची अट आहे. किती कपात करायची, हे माती परीक्षणावरून ठरवावं. नत्राचा हप्ता मात्र बुरशीच्या भरवशावर तोडू नये. तिची खरी मदत स्फुरदाला, थोडीफार जस्ताला.

द्यायची जागा म्हणजे रोपवाटिका. गादीवाफ्यावर, बियांच्या ओळीखाली थोडी पावडर पसरली की कोवळं मूळ तिच्यातूनच खाली जातं आणि रोप बुरशी घेऊनच वावरात उतरतं. अख्ख्या एकराऐवजी एका वाफ्यापुरताच खर्च. ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही, त्यामुळे ज्वारी-मक्याच्या मुळांवर ती वाढवतात. तिला धरून ठेवायला आपली ज्वारी फेरपालटात असलेली बरी. मोहरी आणि कोबी तिला थाराच देत नाहीत. आणि त्याच वाफ्यावर कार्बेन्डाझिमची आळवणी केली, तर रोगाच्या बुरशीबरोबर हीसुद्धा मार खाते.