वगळलेलें पान

गुणवान् वस्तूचा त्याग हा केव्हां विवेक ठरतो आणि केव्हां अन्याय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आम्हांस तो नव्यानें पडला एका पत्त्यांच्या खेळामुळें. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळाडू मांत्रिक असतो. भूमीच्या पानांतून तो मंत्रशक्ति मिळवितो आणि ती खर्चून राक्षस, देवदूत किंवा वीज प्रतिपक्षावर सोडतो. नेहमींच्या पत्त्यांत वांटणाऱ्याच्या हातून येईल तें निमूटपणें घ्यावें लागतें. येथें मात्र हजारों पानांतून आपला संच आपणच आधीं निवडावयाचा असतो.

नियम थोडके आहेत. स्पर्धेच्या सामान्य संचांत निदान ६० पानें असावींत, आणि साध्या भूमीखेरीज कोणतेंहि पान चारांहून अधिक घेऊं नये. साठांहून अधिक पानें घेण्यास मुभा आहे. तरीहि जाणते खेळाडू बहुधा साठांवरच थांबतात. साठांत एका जातीचीं चार पानें असलीं, तर आरंभीं हातीं येणाऱ्या सात पानांत त्यांतलें एखादें तरी असण्याचा संभव शेंकडा सुमारें ४० असतो. एकसष्टावें पान कितीहि चांगलें असलें, तरी तें उत्तम पानांची वाट अडवितें. आम्ही स्वतः एका ड्रॅगनचें पान केवळ चित्राच्या मोहानें संचांत ठेवलें होतें. प्रत्येक पाळीस सामान्यतः एकच भूमि मांडतां येते, आणि त्या पानास सात भूमींची शक्ति लागे. तें हातांतच पडून राही, आणि आम्ही हरत असूं. अखेर तें काढावें लागलें.

मोह सोडावा, हा धडा खराच. परंतु मनुष्य तेथें थांबत नाहीं. जिंकण्यास जें उपयोगी नाहीं तें टाकाऊच, असें तो म्हणूं लागतो. आणि ही संवय पानांपुरती राहत नाहीं. शाळेंत मागें पडणारें मूल, कचेरींतला थकलेला कारकून, घरांतली न मिळवती आत्या, यांच्याकडेहि तो एकसष्टावें पान म्हणूनच पाहूं लागतो.

या वृत्तीस पहिलें उत्तर खुद्द खेळांतच आहे. १९९६ सालीं अटलांटा येथील स्पर्धेंत पॉल स्लाय हा खेळाडू जे श्नायडर याच्या कल्पनेवर रचलेला तांबडा संच घेऊन उतरला. इतरांनीं हिणकस ठरविलेलीं पुष्कळ स्वस्त पानें त्यांत होतीं. पण पहिल्या पाळीपासून प्रत्येक पाळीची शक्ति पुरती कामीं लागावी, अशा हिशेबानें तीं निवडलेलीं होतीं. संचानें यश मिळविलें, आणि पुढें त्या पद्धतीस स्लायचेंच नांव पडलें. पानें तींच होतीं. बदलली ती संगत. तेव्हां कोणास निरुपयोगी म्हणण्यापूर्वीं, आपण त्यास कोठें बसविलें होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आणि ज्यास कोणत्याच संचांत जागा सांपडत नाहीं, त्याचें काय? तेथें मात्र खेळाचें उदाहरण संपतें. संचास मर्यादा घालावी लागते, कारण समोर कोणास तरी हरवावयाचें असतें. घर हें कोणास हरविण्यासाठीं मांडलेलें नसतें.